हवालदारांचं ऑलिव्ह

हवालदार तातोबा दर चैत्रात शिडी लावून अंगणातल्या झाडाचा मोहर झोडून काढायचे. एक फूल मागे राहता कामा नये. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, धोतराचा काचा मारून काठीने फांद्या बडवतोय आणि खालून सगळी आळी बघतेय. हसायची मात्र कुणाची छाती नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी मी पलूसजवळच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो आणि हवालदारांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहिलो. पहिल्याच दिवशी झाडाकडे बघून म्हणालो, "वा! जांभूळ छान आहे की."

हवालदारांनी माझं मनगट धरून मला खोलीत ओढलं आणि दार लावलं. आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं.

"हळू बोला! ते ऑलिव्ह हाय. ग्रीसचं."

"अहो, पण पान तर..."

"ऑलिव्ह!"

मी काही जिवावर उदार झालो नव्हतो. म्हटलं, ऑलिव्ह. आळीतली पोरंसुद्धा हवालदारांच्या धाकाने 'ऑलिव्हखाली खेळतो' म्हणायची, हे पुढे कळलं.

दुसऱ्या महायुद्धात हवालदार पलटणीबरोबर ग्रीसला गेले होते. "लय म्हातारी झाडं, मास्तर. दोन-दोन हजार वर्सांची. खोडं पीळ दिलेल्या दोरखंडागत. एकाच्या ढोलीत आमी तिघं पावसात बसलो हुतो. देवाम्होरं दिव्याला त्याचंच तेल, लेकीला आंदण म्हणून तीच झाडं." गावच्या मारुतीपुढचा शंभर वर्षांचा वड दाखवला तरी ते म्हणायचे, "बरा हाय. पर कालचं प्वार हाय."

त्यांची खरी भीतीही त्याच दिवशी बंद दाराआड मला समजली. शेजारच्या सोनाक्का ऐंशीच्या घरातल्या, लहानपणीच देवीत डोळे गेलेल्या. त्यांचा एकुलता एक शिवा हवालदारांच्याच पलटणीत होता. तो ग्रीसमध्येच वारला. तिथल्या एका म्हातारीने त्याच्या सरणासाठी आपल्या जुनाट ऑलिव्हची फांदी तोडून दिली. त्या झाडाच्या बिया हवालदारांनी डब्यात घालून आणल्या आणि सोनाक्कांच्या हाताने अंगणात लावल्या. त्या रोज विचारायच्या, "आलं का रं वर?" बी काही उगवेना. एक दिवस हवालदारांच्या तोंडून निघून गेलं, "आलं, आक्का." मग धावत जाऊन ओढ्याकाठचं जांभळाचं रोप आणून लावावं लागलं.

तेव्हापासून सोनाक्का दुपारी त्या खोडाला पाठ टेकून बसत आणि हवालदार मोहर झोडत.

"जांबूळ तोंडात गेलं की संपलं. पोरगं दुसऱ्यांदा मरंल तिचं," ते म्हणाले. गोळ्यांपुढे उभा राहिलेला माणूस जांभळाला भीत होता. मला हसू आलं नाही, उलट ती भीती मलाही लागली.

पुढच्या चैत्रात हवालदार तापाने फणफणले. मोहर मी झोडला, आणि शेंड्याजवळची एक डहाळी माझ्या नजरेतून सुटली.

ज्येष्ठातली दुपार. सोनाक्का झाडाखाली, आम्ही दोघे ओसरीवर. टप्पकन काहीतरी त्यांच्या ओच्यात पडलं. हवालदार उठून उभे राहिले. सोनाक्कांनी ते चाचपलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. सावकाश चोखून बी तळहातावर घेतली.

"तातोबा, हिकडं ये."

हवालदार त्यांच्यापुढे जाऊन उकिडवे बसले. तोंड पांढरंफटक. "आक्का, म्या..."

"आंधळी हाय, पर नाक हाय मला. पान चुरगाळलं की वास येतोय."

"कवापासनं ठावं हाय?"

"रोप लावलंस तवापासनं." त्यांचा हात हवालदारांचा खांदा शोधत आला. "तू एवढा जीव लावलास, मी कसं बोलू? पर दर चैताला माझं काळीज थाऱ्यावर नसतंय बग. शिडी करकरली की वाटतंय, एक गेला, आता ह्योबी पडतोय का काय. आता चढू नगंस लेकरा. खाऊंद्यात पोरांस्नी जांबळं."

हवालदारांनी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ते हुंदके देऊन रडू लागले. सोनाक्का त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. साठीचे आमचे हवालदार त्या वेळी खरोखरच कालचं पोर दिसत होते.