बाळूभियांच्या नाकावरचं कुंकू

छत्रीबागेतले आमचे शेजारी बाळूभिया जगदाळे पगडी बांधल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करत नाहीत. पणजोबा दरबारच्या घोडदळात होते. त्यामुळे भिया खुर्चीवर बसत नाहीत, स्वार होतात. कॉम्प्युटर अडला की त्याची पाठ थोपटतात, "चल बेटा" म्हणतात, आणि तो सहसा चालतो.

गेल्या खंडेनवमीला त्यांनी पणजोबांच्या तलवारीशेजारी कॉम्प्युटरही पूजेला मांडला. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. मॉनिटरवर कुंकू जरा सढळ पडलं. ते मी माझ्या रुमालाने पुसलं.

"तलवारीला आज सुट्टी," भिया म्हणाले. "ह्याला नाही. ह्याची पाच वाजता ड्यूटी आहे."

ड्यूटी म्हणजे देवासच्या आक्काचा व्हिडिओ कॉल. आक्का त्यांची थोरली बहीण. तिला अजिबात ऐकू येत नाही, म्हणून रोज पाचला दोघं एकमेकांना नुसती बघतात.

पूजेनंतर बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडदा काळाच.

"गजब हो गया भिया! घोडा जिवंत आहे, डोळेच उघडत नाही!" बाळूभिया ओरडले. समोरच्या कुणालाही ते भियाच म्हणतात.

मी बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्यावर मी तज्ज्ञ. "रॅम असेल," मी गंभीरपणे म्हणालो. डबा उघडला. आतून अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. "देख लो, प्रसाद अडकला होता!" भिया म्हणाले. रॅमची पट्टी खोडरबराने घासली. काळा. केबल फुंकून लावली. काळा. मग भियांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली.

ओवाळतानाच मला दिसलं. मॉनिटरचा दिवा बंद, आणि बटणावर माझ्या रुमालाने फासलेलं कुंकू. पुसताना मीच तो बंद केला होता. पण घरभर स्क्रू पसरून, एवढा तज्ज्ञपणा करून, आता सांगायचं कसं? भिया उठले की हळूच दाबू, म्हटलं. भिया उठेनात. "अपन मोर्चा सोडत नाही!"

पाच वाजता स्पीकरमधून घंटी आली.

भियांनी अंदाजाने एंटर मारलं. कॅमेऱ्याची बत्ती लागली. त्यांनी पगडी सरळ केली आणि त्या काळ्याकुट्ट पडद्याकडे बघून हसले. हात हलवला. पोहे-जिलेबीची बशी उचलून दाखवली.

"भिया, दिसतंय कुठे काही?"

"मला नाही." हसू तसंच धरून ते पुटपुटले, "तिला मी दिसतोय ना. एक दिवस नाही दिसलो तर जेवत नाही ती."

मी वाकून बटण दाबलं. "मीच बंद केला होता, भिया."

त्यांनी ऐकलंच नाही. म्हणून इथे लिहितोय. पडद्यावर आक्का उगवली होती. पदराने स्वतःचं नाक पुसून पुसून भावाला खुणावत होती. भियांच्या नाकावर कुंकू होतं.

मी रुमाल पुढे केला.

"थांब भिया," ते म्हणाले. "सांगू दे तिला."