मशीन ठीक आहे!

"खुला करा की साहेब, बिनधास्त! माझा प्रोग्राम आरशासारखा स्वच्छ आहे!" मी छाती फुगवून म्हणालो.

सरकारचं नवं धोरण आलं होतं. ओपन सोर्स! सरकारी खर्चाने लिहिलेला प्रोग्राम लोकांनी वाचावा, सुधारावा, इतर ऑफिसांनी फुकट वापरावा. आमच्या परवाना ऑफिसातल्या टोकन मशीनचा प्रोग्राम माझा. दिला इंटरनेटवर टाकून! म्हटलं, वाचतंय कोण?

एका निवृत्त मास्तरीणबाईंनी वाचला. उत्तरपत्रिका तपासावी तसा, ओळ न् ओळ! रोज नवा प्रश्न. आणि धोरणात लिहिलेलं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचंच! "टोकन शून्यापासून का नाही?" मलाही वाटायला लागलं, खरंच, का बरं नाही?

मग आला तो प्रश्न. "जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन रोज 'बिघाड आहे' दाखवते. बिघडतं काय?"

मी धावलो साहेबांकडे. ती ओळ साहेबांच्या हुकमाने घातलेली. तेवढ्यात अख्खं ऑफिस चहा पिऊन घ्यायचं!

"लिही, मशीन तापते," साहेब म्हणाले.

लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक इलेक्ट्रिशियन पंखा घेऊन हजर! "इंटरनेटवर वाचलं. म्हटलं, जनसेवा!" भर हॉलमध्ये त्याने मशीनवर हात ठेवला. "अहो, ही तर बर्फासारखी गार आहे!"

रांगेतल्या सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला. "कारण कळलं. एका ओळीची दुरुस्ती पाठवली आहे." सुटलो एकदाचा! न वाचताच मी 'स्वीकारा' दाबलं.

नेमक्या दुसऱ्याच दिवशी वरच्या खात्यातल्या मॅडम पाहणीला आल्या. जेवणाची सुट्टी संपली आणि मशीनच्या बोर्डवर अक्षरं झळकली:

'मशीन ठीक आहे. कर्मचारी चहा पीत आहेत.'

साहेबांचा कप ओठांशीच थबकला. हॉल खो खो हसत सुटला. मॅडम मात्र चष्मा सावरत बोर्डजवळ गेल्या.

"हे कुणी सुचवलं?"

"ज... जनतेने, मॅडम."

"वा! याला म्हणतात नावीन्य! सगळ्या ऑफिसांत बसवा. आणि नियमाप्रमाणे खाली मूळ लेखकाचं नाव टाका. ठळक!"

माझं नाव, सगळ्या ऑफिसांच्या बोर्डवर! मी इतका खूश, की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

परवा माझ्याच कामासाठी दुसऱ्या एका ऑफिसात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्जावरचं नाव वाचलं, मान वर करून बोर्ड वाचला, मग मला नीट न्याहाळलं.

"अच्छा! ते तुम्हीच का?" म्हणाले. "बसा हं."

बसलोय.