वरून आलेली माणसं

आमच्या ठाण्याच्या कॉलेजात मास्तर नेमायचा झाला की रेक्टर फादर साल्वादोर डोक्यावरची काळी टोपी काढायचे. ती उलटी करून क्रुसासमोर ठेवायची, तीत उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, डोळे मिटायचे, शिवाय तोंडही खाडीकडे फिरवायचं आणि एक उचलायची. उरलेल्या न उघडता मेणबत्तीवर धरायच्या. मला म्हणायचे, "न लागलेल्यांची नावं कुणाला कळू नयेत, दुमिंग. त्यांनाही अब्रू असते." मग हातातली उघडून म्हणायचे, "वरून आलंय."

वरून दर वेळी त्यांचा भाचाच यायचा.

थोरला मानू लॅटिनचा मास्तर झाला. त्याला प्रार्थना तोंडपाठ होत्या, अर्थ एकीचाही नाही. मधला जुझे भूमिती शिकवी. पातेल्याच्या झाकणाने फळ्यावर झकास वर्तुळ काढायचा आणि सिद्धांत आला की म्हणायचा, "हे दिसतंयच की." धाकट्याकडे पुस्तकांची खोली होती. पोरांच्या हातांनी पुस्तकं मळतात म्हणून तो ती कुलपात ठेवी. आत वाळवी निवांत वाचत होती.

कल्याणचे लेले मास्तर गणितात पक्के. तिन्ही वेळा त्यांनी अर्ज केला. ब्राह्मणाचं नाव क्रुसासमोर कसं टाकायचं, असं मी विचारलं, तर फादर चिडले. "निवडणार तो. तू कोण जात बघणारा?" तिसऱ्यांदा हात हलवत परत जाताना लेले मला म्हणाले, "अहो दुमिंगराव, तुमच्या देवाला मराठी अक्षर लागत नाही वाटतं. पुढच्या वेळी मोडीत लिहून बघा."

मी हसलो. दुसरं काय करणार होतो? मी कॉलेजचा कारकून, चिठ्ठ्या मीच लिहायचो. टोपीतल्या पाचही चिठ्ठ्यांवर नाव एकच असायचं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला फादर खिडकीशी उभे राहून नुसतं म्हणाले होते, "मानूचं इथे जमलं तर बायला बरं वाटेल रे." बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा, या तिघा भाच्यांची आई. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, दुसऱ्यांच्या शेतात राबून पाद्री व्हायला सेमिनारीत धाडलं. मी समजलो की हा इशारा आहे. ते डोळे मिटतात ते लोकांसाठी, आणि चिठ्ठ्या जाळतात त्या माझ्यासाठी. साहेबाच्या मनातलं ओळखणारा कारकून म्हणून मी स्वतःवर खूषही होतो.

लागोपाठ दोन वर्षं मॅट्रिकला आमचं एकही पोर पास झालं नाही. पैसेवाल्यांनी आपली मुलं मुंबईला हलवली. बाकीची बापांबरोबर मिठागरात उतरली. मग बिशपांचं पत्र आलं: निकाल सुधारला नाही तर कॉलेज बंद. ते वाचून फादर शांतपणे म्हणाले, "माणसं त्याने दिलीत, दुमिंग. निभावेल तो."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. हा माणूस खरंच डोळे मिटत होता.

त्या शनिवारी मी त्यांच्याचकडे पापनिवेदनाला गेलो आणि चिठ्ठ्यांचं सांगितलं. जाळीपलीकडून त्यांनी एवढंच विचारलं, "पाचही?"

"हो, फादर."

"तिन्ही वेळा?"

"हो."

मग त्यांनी मला क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून एक छोटीशी प्रार्थना सांगितली.

आता खरं सांगतो. जाळीतून ऐकलेलं पाद्र्याला बाहेर उच्चारता येत नाही, त्यावरून कारभारातली काडी हलवता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी कचेरीत न बोलता तिथे गेलो. माझं ओझं उतरलं, नोकरीही राहिली. फादर मात्र अडकले. देवाने पाठवले म्हणून ज्यांना ठेवलं त्यांना आज का काढता, असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर जाळीआड होतं.

दर रविवारी ते बायकडे जेवायला जात, ते बंद झालं. पोरं नोकरीला लागली तेव्हा देवाने आपल्या घराकडे पाहिलं, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. बाय मला फाटकाशी गाठून म्हणाली, "माझ्या हातून काय चुकलं का रे, दुमिंग? तो जेवायला येत नाय."

"काही नाही, बाय. कामं वाढलीत."

आणि रोज दुपारी ते माझ्या कचेरीत येऊन समोरच्या खुर्चीवर बसू लागले. बोलत काहीच नसत. जाळीतून सांगितलं तेच मी एकदा या मेजावर उच्चारावं, म्हणजे ते सुटतील, एवढ्यासाठी बसत. 'बोल' म्हणायचीही त्यांना मुभा नव्हती. मी कोऱ्या कागदावर रेघा मारत राही. पाव तासाने उठत. "बरं, येतो."

पुढच्या वर्षी कॉलेज बंद झालं. शेवटच्या दिवशीही त्यांनी खुर्ची ओढली. मी उठून एकेक खिडकी लावत गेलो. शेवटची लावली तरी ते बसून होते.