सुगतची लाइन

गजभियेकाकांना सायकल थांबवायची तर झाड लागतं. झाड नसेल तर खांब, खांब नसेल तर उभा ट्रक. नागपूरच्या वाडीत झाडांचा आनंदच आहे, पण ट्रक हवे तेवढे. अमरावती रोडला गोदामांसमोर ते रांगेनं उभे असतात. त्यातल्या एखाद्याच्या फाळक्याला काका चालत्या सायकलवरून हात घालतात आणि लोंबकळत थांबतात. ड्रायव्हर लोकांना आता सवय झालीय. पंचाईत होते ती सिग्नलला. एकदा त्यांनी शेजारच्या स्कूटरवाल्याच्या खांद्यावर हात टाकला, तर तो भला माणूस हिरवा दिवा लागला तरी हलेना. म्हातारा पडेल म्हणून.

कारण एवढंच की काकांचे पाय जमिनीला पोचत नाहीत. काका असतील सव्वापाच फूट, आणि सीट आहे सहाफुटी माणसासाठी वर केलेली. पायडल मारताना ते डावीकडून उजवीकडे असे झुलतात, की मागून बघणाऱ्यालाच गरगरतं. सीट खाली करायला काही लागत नाही. एक खटका उघडायचा, नळी दाबायची, खटका बंद. मी कितीदा म्हटलं, "काका, मी करून देते ना." ते सीटवर हात ठेवून उभे राहतात. "राहू दे वं नंदा. ते माप सुगतचं हाये."

सुगत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत गेला. मी खरं तर काहीतरी हसरं लिहायला बसले होते, आणि इतक्यातच हे आलं. त्याला माझा इलाज नाही. काकांबद्दल सुगतला वगळून बोलताच येत नाही.

मी त्यांची शेजारीण. सदरला ऑफिस, दिवसभर खुर्ची. डॉक्टरांनी शुगरचा धाक घातला तेव्हा सुगतनंच मला माउंटन बाइक घ्यायला लावली. बाजारातून कोथिंबीर आणायला एवढे जाड टायर कशाला लागतात, असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. त्यांना सुगतची वाट दाखवायला हवी होती.

काटोल रोडला पुढं गेलं की डाव्या हाताला टेकड्या लागतात. सागाचं जंगल, मध्ये धावडा, मोह, वर गवताचं पठार. तिथं सुगतनं आणि त्याच्या मित्रांनी कुदळ-फावडं घेऊन सायकलची वाट काढली होती. एकही झाड न तोडता. झाड आडवं आलं की वाट त्याला वळसा घालून जायची, त्यामुळं ती अशी नागमोडी झाली की चढताना जीव जातो आणि उतरताना परत येतो. पानगळीत सागाची पानं टायरखाली पापडासारखी मोडतात. वर पोचलं की काटोलकडच्या संत्र्याच्या बागा दिसतात, हिरव्या, ओळीत. सुगत तिथं पोचला की नुसता हसत बसायचा.

तो गेला आणि मित्र नोकऱ्यांसाठी पुणे-हैदराबादला पांगले. पावसाळ्यात घाणेरीच्या झुडपांनी अर्धी वाट गिळली. त्या दिवाळीनंतर एका रविवारी काका माझ्या दारात, हातात सुगतची सायकल, डोक्यावर त्याचं हेल्मेट, ते कानापर्यंत उतरलेलं. "चाल नंदा. लाइन बंद पडून राहिली."

काकांची उभी हयात वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल रवाना करण्यात गेली. त्यांच्या लेखी जगात रस्ते नसतात, लाइनी असतात. रायपूर लाइन, अमरावती लाइन, तशी ही सुगतची लाइन. "सिधी गोष्ट हाये," ते म्हणतात, "गाडी गेली नाही का लाइन मरते." बासष्टाव्या वर्षी हा माणूस गिअर शिकला. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हिले रिव्हर्स नाही का?" आणि वर मलाच दटावायचं! मी उतारावर घाबरून ब्रेक दाबले की मागून आवाज येणारच, "भैताडावानी काहून थांबून राहिली? मागची गाडी ठोकन ना!" मागची गाडी म्हणजे ते स्वतः, आणि त्यांना थांबायला झाड शोधायचं असायचं.

दर रविवारी आम्ही विळा-कोयता घेऊन जायचो. ते झुडपं तोडायचे, मी ओढून बाजूला टाकायची. नवीन सायकलवाल्यांना वळणं कळावीत म्हणून काकांनी सुगतचे सायकलचे टी-शर्ट फाडले. भडक पिवळे, केशरी. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मला राहवलं नाही, म्हटलं, "काका, असू द्यायचे ना कपाटात."

"कपाटात काय करून राहिले ते?" काका म्हणाले. "तिकडं हवा तरी लागन."

झालं, प्रत्येक वळणावर झाडाला सुगतच्या टी-शर्टची एक-एक पट्टी. काम चोख. काकांनी गोदामात ताडपत्र्या बांधल्या तशाच गाठी मारल्या, वादळानंसुद्धा सुटू नयेत अशा.

पुढच्या रविवारी वाट चुकून मी सायकलसकट नाल्यातल्या बोरीच्या काट्यात. म्हणजे चूक माझी नव्हतीच. हिरवी पट्टी बघून वळणाच्या आधीच वळले होते. आम्ही हिरवी बांधलीच नव्हती! अंगातले काटे काढत वर आले, तर काका मोठ्या मोहाखाली कमरेवर हात ठेवून उभे. पिवळ्या पट्टीशेजारी लाल, हिरव्या, जरीच्या चिंध्या. बुंध्याशी कुंकू, फुटका नारळ. पायथ्याच्या वस्तीतल्या कुणाची तरी हरवलेली शेळी त्या झाडापाशी सापडली म्हणे. लोकांनी ठरवून टाकलं, हा चिंधीबाबा.

आता हे काकांसमोर व्हावं! ज्यांच्या बापानं छप्पन्न साली इथंच नागपुरात दीक्षा घेतली, ज्यांनी आयुष्यात कुठल्या दगडासमोर मान वाकवली नाही, जे गोदामात ट्रकला लिंबू-मिरची बांधली तर काढायला लावायचे. तोंड लाल झालं त्यांचं. "माह्या पोराच्या बनियनीले नारळ फोडून राहिले हे!"

तडकाफडकी बोर्ड करायला टाकला. वाडीत पेंटर मिळतो तो ट्रकांच्या मागं शेरोशायरी लिहिणारा. "येथे कोणताही देव नाही. हा सायकलचा रस्ता आहे." एवढंच लिही म्हणून बजावलं होतं. पण कोरा बोर्ड त्याच्या हाताला सोसवेना. त्यानं दोन बाजूंना दोन कमळं काढली, वर एक मोर, खाली लाल-पिवळी वेलबुट्टी. आम्ही तो मोहाला ठोकून आलो. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर बोर्डालाच हळदकुंकू, आणि मोराच्या गळ्यात झेंडूचा हार. मी हसून हसून खाली बसले. काका नाही हसले. हार काढायला हात वर नेला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला, मग खाली घेतला आणि म्हणाले, "चाल, ऊन होऊन राहिलं."

उन्हाळ्यात त्यांचा गुडघा गेला. हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चढ बंद. पावसाळाभर ते वाडीतल्या घराच्या ओट्यावर बसून आभाळाकडं बघत राहिले. बाकीच्यांना गारवा दिसायचा, यांना घाणेरी वाढताना दिसायची. "पुरी बंद झाली असन लाइन," रोज संध्याकाळी एकच वाक्य. एक दिवस म्हणाले, "ते गेली नं नंदा, तं पोरगा गेल्यावानीच हाये. घरात तं त्याचं काहीच नाही राहिलं." मी एकटी त्या झुडपांपुढं काय करणार होते? ते त्यांना माहीत होतं, मलाही.

पाऊस उघडल्यावर हट्टच धरला, शेवटचं एकदा नेऊन आण. सायकली ढकलत नेऊ, पण नेच. दोन कोयते घेतले. पायथ्याशी पोचलो.

वाट उघडी होती.

आधी मला वाटलं आपण चुकलो. पण पिवळी पट्टी होती, विटलेली. घाणेरी दोन्ही बाजूंना छातीएवढी माजलेली, आणि मधून मऊ, तुडवलेली, स्वच्छ वाट. चिखल वाळून त्यात पावलं उमटली होती. अनवाणी मोठी, छोटी, शेळ्यांचे खूर. अख्खा पावसाळा लोक चिंधीबाबाला येत-जात होते. काका वाकले, एका पावलावर बोट फिरवलं आणि सायकलला धरून तसेच वाकून राहिले. मी दुसरीकडं बघत होते. रडू मलाही येत होतं.

कोयते काढायची गरजच पडली नाही. मोहापाशी पोचलो तर एक म्हातारी उभी. हातात लुगड्याचा फाडलेला काठ, आणि फांदीला हात पुरेना.

"बांधून देतं का गा?" ती काकांना म्हणाली. "पयल्यांदाच आली मी. कोनता देव हाये हा?"

मी मनात म्हटलं, झालं, आता बोर्ड मोठ्यानं वाचून दाखवणार. काकांनी तिच्या हातातून काठ घेतला. टाचा उंचावल्या, गाठ मारली, ओढून पाहिली.

"देव नाही हाये माय," ते म्हणाले. "माहा पोरगा हाये. सुगत."

म्हातारीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं हात जोडले. "काय लागते त्याले? नारळ, का कोंबडं?"

"काहीच नाही लागत." काकांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "येत जाय फक्त. एकटा असते तो इथं."