मॉडेल नंबर एकोणतीस

“जयवंत, पिस्तुलाच्या मुठीवर मॉडेल नंबर काय कोरू ते एकदाचं सांग. साचा टेबलावर पडलाय,” साचे करणाऱ्या टोनीचा सकाळपासून हा चौथा फोन.

एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या दोन खोल्यांत जयवंत येरझाऱ्या घालत होता. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात खेळणी काढून त्याने नोकरी सोडली होती आणि वसई पूर्वेला एक गाळा घेऊन टिकल्यांचं पिस्तूल काढायचं ठरवलं होतं. स्वतःचं, पहिलंच. दिवाळीआधी घाऊक व्यापारी मितेशची ऑर्डर मिळाली तर गाळा चालणार, नाहीतर जुन्या मालकापुढे मान खाली घालून उभं राहायचं.

“एक घालतो,” तो म्हणाला.

“काहीतरीच काय!” त्याची बायको मनोरमा गवार मोडता मोडता म्हणाली. “एक बघितला की कळेल ना, माणूस नवशिका आहे. तुमच्या मालकांनी पहिल्या बाहुलीला काय नंबर दिला होता?”

“एकशे चार.”

“बघा!”

एकशे चारचा धीर काही जयवंतला झाला नाही. त्याने अडतीस सांगितलं, फोन ठेवला आणि लगेच, जरा जास्तच झालं की काय, म्हणून तळमळू लागला.

पंधरा दिवसांनी मितेश गाळ्यावर आला. चहाचा थर्मास घेऊन मनोरमाही हजर होती. मितेशने पिस्तूल उलटंसुलटं केलं, चाप ओढला, आकडा वाचला.

“माल चांगला आहे, भाऊ. पण आधीचे सदतीस कुठे?”

जयवंतने हातातला कप खाली ठेवला. “ते... बंद केले.”

“सगळे?”

“करावेच लागले हो,” मनोरमा मदतीला धावली. “बारा नंबरची स्प्रिंग चार दिवसांत ढिली पडायची. सतराचा आवाज एवढा, की सोसायटीवाले भांडायला यायचे.” तिचं तोंड सुरू झालं की आवरत नसे. “खरं चाललं ते एकोणतीस. छोटंसं, हलकं, पाच वर्षांच्या पोरालाही चाप ओढता यावा असं. हातोहात गेलं!”

जयवंत डोळ्यांनी खुणावत होता. पण ती त्याच्याकडे बघेल तर ना.

मितेशने अडतीस खाली ठेवलं. “मग मला एकोणतीसच द्या. पाच हजार पीस.”

“साचा मोडीत गेला,” जयवंत कसाबसा म्हणाला.

“नवा करा. मी थांबतो.”

आता मात्र जयवंतला राहवेना. “मितेशभाई, खरं सांगतो. एकोणतीस नाही, बारा नाही, सतरा नाही. हे माझं पहिलंच पिस्तूल आहे.” बोलून झाल्यावर शरमेने त्याचे कान तापले.

मितेश गालात हसला. “कुणासाठी ठेवलंय एकोणतीस? त्या नायगावच्या व्यापाऱ्यासाठी?”

“अहो, नाहीच आहे!”

“समजलो. असं करू, अडतीस मी उचलतो पाच हजार. पण एकोणतीस काढाल तेव्हा फक्त मला. शब्द द्या.”

जयवंतने शब्द दिला. ऑर्डर मिळाली, मशीन धडधडू लागलं, पण त्याला चैन पडेना. खरं बोलूनही आपण लबाडच ठरलो, हे सारखं टोचत होतं. तिकडे मितेश एकोणतीसचा जुना पीस मिळतो का, म्हणून बाजारभर विचारत सुटला होता.

निम्मा माल गेला असेल-नसेल, तोच मितेश तणतणत आला आणि त्याने टेबलावर एक पिस्तूल आपटलं. छोटंसं, हलकं. मुठीवर आकडा एकोणतीस.

“शब्द दिला होता ना? मग हे नालासोपाऱ्याच्या दुकानात कसं?”

एवढी विचारपूस होतेय म्हणजे मागणी दांडगी असणार, असं समजून कुणीतरी ते काढलंच होतं. जयवंतने चाप ओढला. मनोरमाने सांगितलं होतं, अगदी तस्संच होतं ते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“चोर लेकाचे! हे आमचं नाहीच!”

“डुप्लिकेट?” मितेशचा आवाज खाली आला. “मग लेटरहेडवर लिहून द्या.”

जयवंतने कागद ओढला. ‘हे आमचं एकोणतीस नाही,’ असं ठसठशीत लिहून त्याने सही ठोकली. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मितेशने कागद दोनदा वाचला आणि जपून खिशात ठेवला. “भाऊ, आता तुमच्यावर विश्वास बसला. मग ओरिजिनल कधी देताय?”

जयवंत तोंड उघडणार, तोच मनोरमा म्हणाली, “पुढच्या महिन्यात.”