खोकला ऐकणारं अंडं

आमच्या घरात यंत्रांशी सलोख्याचे संबंध असलेलं माणूस एकच, आणि ते म्हणजे मी. ही बढाई नाही. बाकीच्यांची तऱ्हा ऐकलीत तर तुम्हालाही पटेल.

माझे सासरे इसिदोरोस रोज सकाळी बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसतात आणि दुपारी जेवायला येताना तिथून नव्या यंत्रांची बातमी घेऊन येतात. चेहरा असा, की गावात दरोडा पडलाय.

"कलिरोई, वाचलंस का? आता फ्रिज म्हणे स्वतःच दुकानाला कळवणार, अंडी संपली म्हणून."

"मग बरंच आहे की, बाबा."

"बरं कसलं? आज दुकानाला अंडी संपल्याचं सांगेल, उद्या तुझ्या सासूला उझोची बाटली संपल्याचं सांगेल."

सासूबाई, म्हणजे आर्गिरो, हे सगळं ऐकतात, "असेल," म्हणतात आणि शेंगा सोलत राहतात. जगातली कुठलीही बातमी त्यांच्या "असेल"च्या पुढे जात नाही.

राहता राहिला माझा नवरा स्तमातिस. तो मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. तीन मजली इंजिन सांभाळतो आणि घरी आला की ओव्हन कसा लावायचा ते मला विचारतो. आमच्या खिओस बेटावर अर्ध्या घरांतले पुरुष असेच कुठेतरी समुद्रात असतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण बाळ जन्मलं तेव्हा तो ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होता, आणि त्याने आपल्या मुलाला अजून हातात घेतलेलं नव्हतं, याचं मला वाटायचं. बाप्तिस्म्याला तो येणार होता. तोवर बाळाला नावही नव्हतं. सगळे नुसतं 'बाळ' म्हणत होतो.

तर बातमीचं असं झालं. बाळाला पाजताना एक हात मोकळा असतो आणि त्या हातात फोन असतो. कॉलेजात झालं नाही एवढं वाचन माझं या काही आठवड्यांत झालं. त्यात एके दिवशी वाचलं, की एक नवीन यंत्र निघालंय. पाळण्याजवळ ठेवायचं. ते खोलीतले आवाज ऐकतं, त्यातून खोकला ओळखतं, आणि डॉक्टरच्या आधी आईबापाला सावध करतं. आई जवळ असो की बाप समुद्रात, दोघांच्या फोनवर एकाच वेळी निरोप.

मी स्तमातिसला ती बातमी पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मागव. निदान काहीतरी तरी मला त्याच्याबद्दल कळेल."

यावर न मागवून कसं चालेल?

यंत्र आलं ते पांढरंशुभ्र, अंड्याच्या आकाराचं. पोटावर ऐकण्यासाठी बारीक भोकं, डोक्यावर दिवा. सगळं ठीक असेल तर दिवा हिरवा, नाहीतर लाल. सासऱ्यांनी ते उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि खाली ठेवलं.

"हे अंडं पोराला राखणार?"

"राखणार नाही बाबा, ऐकणार."

"ऐकायला तुझी सासू आहे. भिंतीपलीकडचंही ऐकते."

सासूबाई म्हणाल्या, "असेल."

अंडं मी पाळण्याशेजारी ठेवलं. बाळंतपणाचे चाळीस दिवस नुकतेच संपले होते, त्यामुळे बाळाला बघायला अख्खी गल्ली यायला लागली होती. पहिली आली शेजारची फोतिनीमावशी, बदामाची वडी घेऊन.

"अगं बाई, काय गुटगुटीत आहे गं. फ्तू, फ्तू, फ्तू. कुणाची दृष्ट लागायला नको."

तिच्या मागून तिची सून. "डोळे बघा, जैतुनासारखे. फ्तू, फ्तू, फ्तू." मग पाववाल्याची बायको, मग तिची आई, मग सासूबाईंच्या लहानपणापासूनच्या दोन मैत्रिणी. प्रत्येकीने बाळाचं नाक, कान, टाचा यांचं वेगवेगळं कौतुक केलं आणि प्रत्येक अवयवाचा वेगळा बंदोबस्त केला. मी कॉफी करत होते. चार वाजता फोन वाजला.

'बाळाच्या जवळ खोकल्याचे आवाज. प्रमाण वाढते आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

बाळ झोपलं होतं. ओठांवर दुधाचा थेंब, श्वास लोण्यासारखा. मी वाकून कान लावला. काही नाही. अंड्याच्या डोक्यावर मात्र लाल दिवा.

तेवढ्यात स्तमातिसचा फोन आला. मागे इंजिनाची धडधड, आणि हा त्याच्याही वर ओरडतोय.

"कोण खोकतंय?"

"कोणी नाही."

"यंत्र सांगतंय ना. दुपारभर खोकतंय कोणीतरी. बाळ आहे का?"

"बाळ झोपलंय रे."

"मग कोण आलं होतं?"

मी यादी सांगितली. तो म्हणाला, "आणि आई?"

"आई तर असतातच."

"आईचा घसा बसलाय मागच्या आठवड्यापासून. मला फोनवर जाणवलं होतं."

घसा बसला होता, कारण त्यांनी रविवारी पाळण्यापाशी बसून सलग दोन तास गाणी म्हटली होती. हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण अंड्याचा दिवा लाल होता, आणि लाल दिव्यासमोर माणसाचं डोकं चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. सासूबाई सकाळी खालच्या मजल्यावरून वर आल्या, दिवा लाल. खाली गेल्या, थोड्या वेळाने हिरवा. दुपारी पुन्हा आल्या, लाल. स्तमातिस तिकडे जहाजावर हाच दिवा बघत बसलेला.

"तू सांग तिला," तो म्हणाला. "मी इथून सांगितलं तर तिला फार लागेल."

आणि मी सांगितलं तर काय गुदगुल्या होणार होत्या?

सासूबाई लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप घेऊन जिन्यात उभ्या होत्या. माझ्यासाठी रोज करतात, दूध यावं म्हणून. मी म्हटलं, "आई, ते यंत्र म्हणतंय की तुम्ही खोकता."

"मी?"

"थोडे दिवस... म्हणजे घसा बरा होईपर्यंत... स्तमातिसलाही वाटतं..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत, पाळण्याकडे. मला वाटलं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझं मला कळलं नसेल," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी आपला खोकला आपल्याला ऐकू येत नसेल. सूप गरम आहे तोवर पी."

आणि वाडगा माझ्या हातात देऊन त्या जिना उतरून गेल्या. कठड्याला न धरता उतरणारी बाई, त्या दिवशी धरून उतरली.

दुसऱ्या दिवसापासून सूप दोरीला बांधलेल्या टोपलीतून बाल्कनीत यायला लागलं. सासूबाई खाली अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, रुमालाने तोंड झाकून उभ्या. मी बाळाला कठड्याशी धरायची. त्या खालून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, हवेत खोकला उडून वर येईल म्हणून.

"टोपी घाल त्याला," एवढंच एकदा म्हणाल्या. तेही रुमालातून.

आणि दिवा? दिवा लालच.

"मग बाबाच असणार," स्तमातिस म्हणाला. आता हे पटण्यासारखं होतं. सासरे चाळीस वर्षं सिगारेट ओढतायत. सकाळी ते खोकले की समोरच्या छपरावरची कबुतरं उडतात. अंडं ऐकलेला प्रत्येक आवाज फोनमध्ये साठवतं, त्यात मी शोधलं. त्यांचा खोकला अंड्याने नोंदवला होता, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'फर्निचर सरकवल्याचा आवाज'.

मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. फार खूश झाले.

"बघ, अजून आवाजात दम आहे. कपाट की पलंग, ते लिहिलंय का?"

तरी खबरदारी म्हणून त्यांनाही वर यायची बंदी झाली. फोतिनीमावशीला बंदी झाली. पाववाल्याची बायको दारावर पाव अडकवून जायला लागली. शेवटी वरच्या मजल्यावर मी, बाळ आणि अंडं एवढेच उरलो. घर इतकं शांत झालं की बाळही बिचकून रडायला लागलं. त्याला त्या कलकलाटातच झोपायची सवय. मी त्याला उचलायची, त्याच्या मानेच्या घडीत तोंड घालायची, त्याच्याशी बोलायची. जरा वेळाने निरोप यायचा, 'खोकल्याचे आवाज. प्रमाण वाढते आहे.'

"म्हणजे तोच खोकतोय," स्तमातिस म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच येत होता, दाबलेला. "मी कॅप्टनशी बोललोय. पुढच्या बंदरात उतरतो."

"आणि बाप्तिस्म्याची रजा?"

"रजा गेली खड्ड्यात. मुलगा आजारी आहे आणि मी इथे पिस्टन पुसत बसू?"

मी डॉक्टर लेमोनिसना बोलावलं. त्यांनी स्तमातिसच्याही छातीला नळी लावलेली आहे, तो पाळण्यात असताना. त्यांनी बाळाला पालथं केलं, उताणं केलं, पुढून ऐकलं, मागून ऐकलं. फोन मी समोर उभा करून ठेवला होता. त्यात स्तमातिस श्वास रोखून बसलेला.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणी सांगितलं खोकला आहे म्हणून?"

मी अंड्याकडे बोट केलं. इतके दिवस लाल राहून दमल्यासारखं ते नेमकं तेव्हा हिरवं होतं. डॉक्टरांनी चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं. "याने कुठे शिक्षण घेतलं?"

"डॉक्टर, नक्की काही नाही ना?" फोनमधून स्तमातिस.

"अरे, घोडा आहे तुझा मुलगा. असं पोर गावात नाही," असं म्हणत डॉक्टरांनी बॅग उचलली, पाळण्यावर वाकले आणि म्हणाले, "फ्तू, फ्तू, फ्तू."

अंडं लाल झालं.

आम्ही दोघं अंड्याकडे बघत राहिलो. फोन वाजला. तिकडे स्तमातिसचाही वाजला असणार, कारण तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला खोकला आहे?"

"मला? छे."

"परत करा," मी म्हटलं.

"काय परत करू?"

"आत्ता केलंत ते."

डॉक्टरांनी पुन्हा केलं. अंडं जास्तच लाल झालं.

आता बाहेरून आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळलं असतं. पण आम्ही ते ऐकतच नाही हो. श्वास घेतो तसं ते तोंडातून निघतं. चांगलं दिसलं की दृष्ट लागू नये म्हणून खोटंखोटं थुंकायचं, फ्तू. ज्या देशात ते अंडं घडलं तिथे बाळाकडे बघून नुसतं हसत असतील, आणि अंड्याला तेवढंच शिकवलं असेल.

डॉक्टर गेले. स्तमातिसला म्हटलं, उतरू नकोस, जहाजावरच राहा, बाप्तिस्म्याला ये. तो हसत होता की डोळे पुसत होता ते फोनमध्ये नीट दिसलं नाही. म्हणाला, इंजिनाची वाफ आहे.

मग मी फोनमध्ये साठलेले ते 'खोकले' एकेक करून ऐकले. फोतिनीमावशी. तिची सून. पहिल्या दिवशीच्या सासूबाई: "माझ्या स्तमातिसचे पाय आहेत हे, अगदी तेच पाय, परत आले माझ्याकडे, फ्तू, फ्तू, फ्तू." त्यानंतर ओळीने सगळ्यांत जास्त खोकले एकाच माणसाचे होते. उचलताना, पाजताना, लंगोट बदलताना, झोपला म्हणून, उठला म्हणून. तो आवाज माझा होता.

मी बाळाला कडेवर घेऊन खाली गेले. सासूबाई स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होत्या. मला बघून त्यांनी आधी रुमाल तोंडाला लावला.

"काढा तो रुमाल, आई. तुम्हाला खोकला नाहीय."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय केलं ते करूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. भाजीची काडी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे मी वर नव्हते तेव्हाही ते वाजत होतं?"

"हो."

"मग त्याला फ्तू कोण करत होतं?"

"मी."

"रोज?"

"तुमच्यापेक्षा जास्त. यंत्रात आहे, ऐकवते हवं तर."

सासूबाईंनी काडी खाली ठेवली आणि रुमालाने नव्हे, दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"मला तोच घोर होता गं," त्या म्हणाल्या. "वर एवढं सुंदर पोर, आणि त्याला कुणी करणारं नाही. खालून केलं तर पोचतं की नाही, कुणाला विचारू? इसिदोरोसला विचारलं तर तो म्हणतो वारा उलटा आहे." आणि मग, जरा तिखट आवाजात, "आधी सांगायचं नाही का, की तू करतेस म्हणून?"

मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याला इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम दिलं. वर अंडं किती लाल झालं असेल ते मी बघायला गेले नाही.

संध्याकाळी त्या वर आल्या. अंड्यासमोर उभ्या राहिल्या, त्याला नीट न्याहाळलं, आणि पहिल्यांदाच एखाद्या यंत्राबद्दल "असेल"च्या पुढे काही बोलल्या.

"बिचारं दिवसभर एकटं ऐकत बसतं. किती गोंडस आहे. यालाही कुणाची तरी दृष्ट लागलीच असणार, म्हणून असं घाबरतं."

एप्रनच्या खिशातून त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून लावतात तो निळ्या डोळ्याचा मणी काढला. अंड्याला टाचणी लागेना, म्हणून चर्चमधल्या मेणबत्तीचं मेण बोटांनी मऊ केलं आणि मणी त्याच्या पोटावर चिकटवला. पोटावरची बारीक भोकं तेवढी मेणाखाली गेली.

तेव्हापासून दिवा हिरवा आहे. फोतिनीमावशी येते, पाववाल्याची बायको येते, सासरे कपाटासारखे खोकतात, बाळ कधी कधी भोकाड पसरतं, अंडं हिरवंच. काल स्तमातिसचा निरोप आला, "चांगलं यंत्र निघालं हं. सुरुवातीला जरा भांबावलं होतं, आता रुळलेलं दिसतंय."

मी बाळाला पाजत एका हाताने उत्तर लिहिलं, "हो, आईंनी त्याला सांभाळून घेतलंय."