रेंजची खुर्ची

"मास्तर, आवाज तुटतोय! नुसतं 'पृथ्वी, पृथ्वी' येतंय. पुढचं काय?" नदीपलीकडून एक मुलगी फोनमध्ये ओरडली.

पुढचं सांगायला मास्तर पायांच्या बोटांवर उभे राहिले. शाळेच्या गच्चीवर, एका हाताने पाण्याची टाकी धरून आणि दुसऱ्या हाताने फोन आभाळात खुपसून ते पृथ्वी फिरवायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात फोनच गप्प झाला.

पूल दुरुस्तीला काढल्यापासून पलीकडच्या मुलांची शाळा अशी फोनवर भरत होती. तिकडे शेळीवाल्या आजीचा एकच मोठा फोन आणि त्याभोवती मुलांचं कडं, इकडे मास्तर. वरच्या ऑफिसचा दंडक असा, की शिकवण्याआधी मास्तरांनी फोनमधल्या हजेरीला आपला चेहरा दाखवायचा. लागोपाठ तीन दिवस हजेरी चुकली तर फोनवरचा वर्ग बंद, आणि पोरांचं वर्ष फुकट.

खरं सांगायचं तर मास्तरांना ही फोनची शाळा मनापासून आवडली होती. मुलांसमोर ते छान बोलत. पण एखादं मोठं माणूस दारात उभं राहिलं, की त्यांच्या जिभेला कुलूप लागे. पालकसभेत ते 'नमस्कार' म्हणत आणि तेवढ्यानेच दमून खाली बसत. फोनवर मोठी माणसं नव्हती. फक्त रेंजही नव्हती.

त्याच संध्याकाळी ते केस कापायला गेले. सलूनवाल्याने पायाने पंप मारत खुर्ची पार वर नेली, खिडकीकडे फिरवली, आणि मास्तरांच्या खिशातला फोन टुणटुणायला लागला. दिवसभर अडकलेले निरोप एकामागून एक येऊन आदळले. मास्तर खाली उतरले, शेजारच्या स्टुलावर चढले, रेंज नाही. पुन्हा खुर्चीत बसले, रेंज हजर. खुर्ची तर बोल्टांनी जमिनीला जखडलेली.

"रोज इथे तास घेतला तर... म्हणजे, तुम्हाला अडचण नसेल तर..."

"घ्या की मास्तर! फक्त एक आहे," सलूनवाला कात्री पुसत म्हणाला. "माझ्या खुर्चीतून माणूस जसा बसला तसाच उठला, तर बाकावरची मंडळी म्हणतील, याचा हात गेला. रोज काहीतरी कापावं लागेल."

"थोडंसंच ना?"

"अहो, नावापुरतं!"

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. समोर आरसा, मागे आरसा. त्यामुळे मास्तरांना एकाच वेळी अगणित मास्तर दिसत होते, आणि प्रत्येक मास्तरामागे कान टवकारून बसलेला एकेक टेम्पोवाला. मास्तरांनी डोळे फोनवर रोवले आणि धीर करून तोंड उघडलं.

त्यात खुर्ची जुनी. मास्तर बोलत राहिले की ती हळूहळू खाली बसे, आणि तिच्याबरोबर रेंजही बसे.

"मास्तर बुडाले! पंप मार, पंप मार!" टेम्पोवाला ओरडे.

"काढा रे त्यांना वर कुणीतरी," फोनमधून शेळीवाली आजी डाफरे, "इकडे माझं चार्जिंग उतरतंय!"

सलूनवाला एका पायाने पंप मारी, दोन्ही हातांनी केस कापी आणि मधूनच विचारी, "मास्तर, पृथ्वी फिरते, मग आपण पडत कसे नाही?" बाकावर गर्दी वाढू लागली. ज्यांचे केस कालच कापून झाले होते, तेही आज नंबर लावून बसायला लागले. इकडे नावापुरतं कापता कापता मास्तरांच्या डोक्यावर केसच नावापुरते उरले, मग तेही गेले. मग सलूनवाला दाढीकडे वळला.

त्या दिवशी धडा होता दिवस आणि रात्रीचा. मुलांच्या तो काही केल्या डोक्यात शिरेना. मास्तरांनी सहज आरशात पाहिलं. उजव्या गालावर पांढराशुभ्र फेस, डावा गाल खुंटांनी काळवंडलेला.

"हे बघा!" मास्तर उजळले. "हा दिवस. आणि ही रात्र. आता मी मान फिरवतो."

"कळलं, कळलं!" पलीकडे गलका झाला. पहिल्या दिवशी 'पुढचं काय?' म्हणून ओरडलेली मुलगी म्हणाली, "पण मास्तर, पहाट कुठे असते?"

"इथे!" म्हणत मास्तरांनी नाकाकडे बोट नेलं आणि उत्साहाच्या भरात मान आणखी फिरवली. नेमका तेव्हाच तिथून वस्तरा चालला होता. अर्धी मिशी पहाटेतच गेली.

"मास्तर, हलायचं नसतं हो!" सलूनवाल्याने कपाळाला हात लावला.

"पृथ्वी हलते," मास्तर पुटपुटले.

उरलेली अर्धी ठेवून चारचौघांत जाणं शक्य नव्हतं. तीही काढली. मास्तर घरी आले, दार वाजवलं. बायकोने दार किलकिलं केलं, "मास्तर घरी नाहीत, तासाला गेलेत," असं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

खरी पंचाईत सकाळी झाली. हजेरीला चेहरा दाखवला, तर फोन म्हणाला, 'चेहरा जुळत नाही.' टक्कल त्या यंत्राने खुशाल चालवून घेतलं होतं. मिशीवर मात्र त्याचा जीव होता. मास्तरांनी हसून बघितलं, रुसून बघितलं. छे! दुसऱ्या दिवशीही तेच. तास रोज होत होता आणि मास्तर रोज गैरहजर लागत होते. शेवटी ऑफिसचा निरोप आला: उद्या हजेरी नसेल तर वर्ग बंद.

"यंत्राला मिशी पाहिजे ना? मग देऊ की," टेम्पोवाला बाकावरून उठला. त्याने सलूनमधला काळा कंगवा मास्तरांच्या नाकाखाली टेकवला. "असा धरा."

"अहो, लोक बघतायत!"

"लोक म्हणजे आम्हीच की!"

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले आणि फोनकडे पाहिलं. 'हजेरी नोंदली.' बाकावर टाळ्या पडल्या. मुलं जोडली गेली. आणि मास्तर कंगवा खाली घेणार, एवढ्यात फोनवर ऑफिसच्या मॅडम अवतरल्या.

"मास्तर, आत्ताच तुमचा फोटो आला. तुमच्या मिशीला दाते कसले आहेत? आणि पाठीमागे कोण मंडळी? तुम्ही आहात तरी कुठे?"

मास्तरांच्या जिभेला कुलूप लागलं. कंगवा नाकाखाली तसाच राहिला.

"मॅडम, मास्तरांची मिशी पहाटे गेली," मुलीने मदत केली.

"कुणी नेली?"

"पृथ्वीनं."

"मास्तर," मॅडमचा आवाज चढला, "तुम्ही स्वतः बोला. नाहीतर मला वर्ग बंद करावा लागेल."

मास्तरांनी फोनमधल्या चिमुकल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, कंगवा खाली ठेवला, आणि ते बोलू लागले. पूल, गच्ची, खुर्ची, पंप, दिवस, रात्र, वस्तरा, दारातली बायको, सगळं त्यांनी सांगितलं, आणि तेही असं रंगवून, की बायकोपाशी येईतो टेम्पोवाला बाकावरून घसरला होता आणि मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले होते. सलूनवाला पंप मारत राहिला.

"वर्ग चालू राहील," मॅडम हसू आवरत म्हणाल्या. "हजेरीला नवा चेहराही लावून देते. पण हा कंगवा नको. तुमच्या शाळेत रेंजचं यंत्र बसवू."

यंत्र बसलं. मास्तर रिकाम्या वर्गात एकटे बसले. रेंज भरपूर, आवाज स्वच्छ. चंद्राच्या कला सांगताना त्यांनी एक विनोद केला आणि सवयीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मास्तर," मुलगी जरा वेळाने म्हणाली, "आज तुम्ही पुस्तकासारखं का बोलताय?"

दुसऱ्या दिवशी मास्तर सलूनच्या पायऱ्या चढले आणि कुणी काही विचारायच्या आत खुर्चीत जाऊन बसले. बाकावरची मंडळी सरसावली. सलूनवाल्याने सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री उचलली, मग मास्तरांना उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. डोकं गुळगुळीत, गाल गुळगुळीत, ओठ गुळगुळीत.

"मास्तर, पण आता कापू काय?"

मास्तरांनी बराच वेळ आरशात शोधलं.

"भुवया आहेत की," ते म्हणाले, "आणि जरा लवकर. पोरं वाट बघतायत."